खुळखुळणारी पृथ्वी

१

सोमवारी सकाळी पृथ्वीचे गोल बनवणाऱ्या कारखान्यात, गोलावर नावं लिहिणारी बाई आपल्या टेबलाखाली पडलेली सापडली. हातातला कुंचला तसाच होता. समोरच्या कागदी पट्टीवर एका समुद्राचं नाव अर्धं लिहून झालं होतं आणि शेवटच्या अक्षरातून एक निळी रेघ घसरत थेट कागदाच्या कडेला गेली होती.

कारखान्यात तिला सगळे लेखणी म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ती बेटाचं नाव लिहिते, आणि ते भिंगाशिवाय वाचता येतं.

मला हे दुपारी कळलं. लेखणीची नणंद माझ्या औषधाच्या दुकानात शिरली आणि तिनं गोळ्यांचं एक पाकीट काउंटरवर आपटलं. ही शाळेत गणित शिकवते. एरवी पाकीट आपटणारी बाई नव्हे.

"मावशी, तुम्ही विकता तरी काय?"

"आधी बस. काय झालं?"

"वहिनी इस्पितळात आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, यकृताला सूज आलीय. डोकेदुखीची गोळी जास्त झालीय. उतारा चालू केलाय, पण कुठली गोळी, किती आणि केव्हापासून, ते त्यांना आज संध्याकाळच्या आत हवंय. त्यावर पुढचे उपचार ठरणार."

"मग वहिनीला विचार."

"तोंड उघडेल तर ना! भिंतीकडे वळून पडलीय." तिचा आवाज चिरकला. "गोळ्या मी देत होते. कारखान्यातली माणसं माझ्याकडे कशी बघतात ते बघायला हवं होतं तुम्ही. निम्मी म्हणतात मी घातल्या. उरलेली म्हणतात तिनं मुद्दाम घेतल्या, कारण दादा दोन वर्षं घरी आलेला नाही."

दादा म्हणजे लेखणीचा नवरा. समुद्रापलीकडच्या एका बंदरात क्रेन चालवतो.

मी पाकीट उचललं. ते माझ्याच दुकानातलं होतं. मीच दिलं होतं.

२

मी या काउंटरमागे बत्तीस वर्षं उभी आहे. एवढ्या वर्षांत पाकिटामागचा मजकूर वाचणारी माणसं मला भेटली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ही नणंद त्यांतली एक निघाली. पाकिटाच्या चारही बाजूंना तिनं पेन्सिलीनं बारीक आकडे लिहिले होते: तारीख, वेळ, गोळ्या दोन.

"सकाळी दोन, शाळेत जायच्या आधी. मागच्या मंगळवारी ताप आला, तेव्हापासून रात्रीही दोन. मध्ये बारा तास. पाकीट माझ्या पर्समध्ये असतं, तिच्या हाती मी ते देत नाही. मोजून घ्या."

मी मोजून घेतल्या. एकही गोळी इकडची तिकडे नव्हती. पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेच्या कितीतरी आत.

"मागे दोन नावं छापलीत, पण ती करतात तरी काय?" तिनं विचारलं.

"दोन औषधं एकत्र. वेदना कमी करणारं पॅरासिटामॉल आणि त्याला जोर देणारं कॅफीन, तुझ्या कॉफीत असतं तेच. पॅरासिटामॉल बेतानं घेतलं तर गुणी, जास्त झालं तर यकृताच्या मुळावर येतं. आणि वाईट असं, की पहिला दिवसभर काही जाणवतही नाही."

"पण एवढ्यानं?"

"एवढ्यानं नाही. उरलेलं दुसरीकडून आलंय." मी आकड्यांवरून बोट फिरवलं आणि तारखांवर थांबले. एकही दिवस मोकळा नव्हता. "हे रोज चालू आहे?"

"तीन महिने. आधी आठवड्यातून एकदा दुखायचं. आता सकाळी डोळे उघडते तेच कपाळ धरून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दर आठवड्याला ही मुलगी पाकीट मागायची आणि मी हसून द्यायची. जुनं गिऱ्हाईक, घरचीच माणसं. "एवढं कशाला लागतं गं?" हा एक प्रश्न विचारायला मला काय धाड भरली होती? चोर शोधायला निघावं आणि पहिलं नाव स्वतःचंच निघावं, अशी गत.

"चल," मी दुकानाचं दार ओढून घेतलं. "तुझ्या वहिनीला आणखी कोण गोळ्या देतं ते बघू."

"कोणीच देत नाही."

"तर मग कारखान्यातल्या माणसांना काही म्हणायला तोंड राहणार नाही तुला. चल."

३

कारखाना म्हणजे एक लांबलचक खोली. छतापासून तारांवर कोरे गोल वाळत टांगलेले, खाली टेबलांवर निळ्या कागदाच्या होडीच्या आकाराच्या पट्ट्या. अशा बारा पट्ट्या खळीनं चिकटवल्या की पृथ्वी पुरी होते. खळ लावणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे खळकाका म्हणतात. मालक दाराशीच उभे होते आणि चिडलेले होते. काही माणसं घाबरली की चिडतात, त्यांतले.

"आमच्याकडे काही खाल्लं नाही हो तिनं. हल्ली जेवतच नव्हती, डबा उघडायची नाही. मी म्हटलं, बाई, घरी जा. तर म्हणे, ही पट्टी मला आज पुरी करायचीच आहे."

"कसली पट्टी?"

त्यांनी ती निळी रेघ गेलेली पट्टी दाखवली. "हा समुद्र. याला आपल्याकडे एक नाव, पलीकडच्या किनाऱ्यावर दुसरं. पाणी तेच, पण ज्या देशाचं गिऱ्हाईक त्या देशाचं नाव लिहावं लागतं, नाहीतर गोल परत येतो. दोन्ही नावांतलं कोणत्या गोलावर कुठलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही."

"या वेळी कुठलं लिहीत होती?"

"पलीकडचं," मालक म्हणाले. "हल्ली कामात लक्षच नव्हतं तिचं, खोटं कशाला बोलू. तिच्या टेबलावरचा तो छोटा गोल बघा. घरी न्यायचा म्हणून तिनं स्वतः बनवला, तो खुळखुळतो! गोल एका जागी नीट थांबावा म्हणून आत वजन बसवतात, ते पक्कं डकवायचं असतं. आमच्या कारखान्याचा गोल खुळखुळला म्हणजे अब्रूच गेली."

मी नुसती मान हलवली. मला गोळ्या हव्या होत्या, वजनं नव्हेत. कधीकधी माणूस समोरचं उत्तर ऐकून पुढच्या टेबलाकडे जातो, तसं माझं झालं.

खळकाका मघापासून एकाच पट्टीवर खळ फासत होते. पट्टी भिजून चिंब झाली होती.

"काका, तुम्ही दिल्यात ना गोळ्या?"

ब्रश थांबला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी खणातून पितळेचा एक डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत साठ-सत्तर सुट्या गोळ्या होत्या. पांढऱ्या, पिवळ्या, लांबट, गोल.

"पाकिटं कुठायत यांची?"

"फेकून देतो. गोळीच्या वेष्टनाची कड फार धारदार. एकदा कुणाच्या तरी खिशातून पडली आणि वॉर्निश लावलेल्या गोलावर चरा गेला. तेव्हापासून इथे नियम आहे, वेष्टन आत आणायचं नाही. जो तो घरूनच गोळ्या सोलून आणतो आणि डब्यात टाकतो. डोक्याच्या, सर्दीच्या, अंगदुखीच्या. पंधरा वर्षांचा डबा आहे, बाई. कुणाला काही झालं नाही."

"तिला किती द्यायचात?"

"चार वाजता चहाबरोबर दोन. ताप आल्यापासून सकाळी अकरालाही दोन. रविवारसाठी पुडी बांधून दिली." त्यांनी नाक पुसलं. "माझी मुलगी तिच्याच वयाची आहे. लांब असते. हिचं कपाळ दुखतंय म्हटलं की मला राहवायचं नाही."

नणंद माझ्याकडे बघत होती. गणितवाली बाई, मनात बेरीज चालली होती. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, अंगदुखीच्या गोळीतही तेच, आणि डब्यात कुठली काय हे ओळखायला खूण एकही नाही.

"मिळालं की मग!" मालक म्हणाले.

"मिळालं," मी म्हटलं. पण एक गोष्ट टोचत होती. काकांनी दिलं, नणंदेनं दिलं, यात लेखणीनं लपवण्यासारखं काय होतं? दोन शब्दांत सांगता आलं असतं. मग ती भिंतीकडे वळून का पडली होती?

४

इस्पितळाच्या खोलीत पाच वाजताचं ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. हाताला नळी लावलेली लेखणी आमच्याकडे पाठ करून होती. डॉक्टरीणबाईंना मी डब्याचं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, भुवया वर केल्या आणि म्हणाल्या, "हे बरंच झालं. पण रक्तातला आकडा याहूनही जास्त सांगतोय. अजून काहीतरी आहे."

मी खुर्ची ओढली.

"लेखणी, मी औषधवाली मावशी. काकांनी डबा दाखवला. ते रडले."

खांदे हलले, पण ती वळली नाही.

"तुझ्या वन्संवर आळ आलाय, ठाऊक आहे? कारखान्यात नको ते बोलतायत."

आता ती वळली. चेहरा पिवळट, डोळ्यांखाली काळं. "वन्संनी काही केलं नाही. त्यांच्यासारखं माझं कुणी केलं नाही."

"मग कोणी केलं?"

"कोणी नाही. मुद्दामही नाही घेतल्या मी. मला मरायचं नाहीये, मावशी. मला…" ती थांबली. "किती वाजले?"

"पाच."

"नक्की पाचच?"

दहा मिनिटांत तिनं तीनदा वेळ विचारली. आजारी माणूस वेळ विचारतो तो कंटाळून. ही परीक्षेच्या घंटेची वाट बघितल्यासारखी विचारत होती. मग नणंदेचा हात धरून म्हणाली, "वन्सं, माझा फोन उशीखाली ठेवा. साडेसहाला वाजेल. तुम्ही उचलू नका, मीच उचलणार. आणि माझ्या टेबलावरचा छोटा गोल कुणाला हलवू देऊ नका. फुटेल."

नणंद हो म्हणाली. मी मात्र उठून उभी राहिले.

कोऱ्या कागदाचे सात थर एकमेकांवर चिकटवून गोल करतात. तो खाली पडला तरी फुटत नाही. मग तिला भीती कशाची होती?

५

मी रिक्षानं कारखान्यात परत गेले. पावणेसहा झाले होते, मालक कुलूप लावत होते.

"तो खुळखुळणारा गोल द्या."

"आता? खेळायला?"

"माझी हौस समजा."

गोल नारळाएवढा होता. मी कानाशी धरून हलवला. आत डकवलेलं वजन सुटलं तर एक जड वस्तू घरंगळते. इथे बऱ्याच हलक्या वस्तू सरकत होत्या. मग मी त्यावरचा तो समुद्र शोधला. पलीकडच्या किनाऱ्यावर एका बंदराच्या जागी टाचणीनं टोचलेलं भोक होतं, आणि त्याच्याभोवतीचा निळा रंग बोट फिरवून फिरवून पांढुरका झाला होता. किती वेळा बोट ठेवलं असेल बाईनं त्या ठिकाणी! माझे डोळे भरून आले, हे कबूल करते.

विषुववृत्तावरची कागदी पट्टी एका बाजूनं नुसती खोचलेली होती. मी नख घातलं आणि पृथ्वीचे दोन भाग झाले.

आत गोळ्यांची वेष्टनं होती. रिकामी, नीट घड्या घातलेली, रबर लावून गठ्ठे केलेली. एक अर्धं भरलेलं. आणि पुठ्ठ्याच्या एका झाकणावर पुरुषी अक्षरात दोनच शब्द: "दुखलं तर."

मालकांनी भिंग पुढे केलं. वेष्टनावरचं नाव आमच्याकडच्या कुठल्याच गोळीचं नव्हतं. खाली घटक लिहिले होते. पहिलं नाव होतं अ‍ॅसिटामिनोफेन. मग अ‍ॅस्पिरिन. मग कॅफीन.

"हे काय नवीनच?" मालकांनी विचारलं.

"नवीन कसलं! तुमचाच समुद्र आहे हा," मी म्हटलं. "आपल्याकडे पॅरासिटामॉल म्हणतात, पलीकडच्या किनाऱ्यावर अ‍ॅसिटामिनोफेन. पाणी तेच."

६

सव्वासहाला मी खोलीत शिरले. उघडा गोल माझ्या हातात बघून लेखणीनं डोळे मिटून घेतले.

"सांगू का मी?" मी विचारलं. मी गोल तिच्या पायाशी ठेवला आणि सांगायला लागले.

"तीन हात होते. वन्संचा हात मोजून देणारा. काकांचा मायेनं देणारा. तिसरा हात समुद्रापलीकडचा. पहिल्या दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता, आणि तिसऱ्याचा पत्ता तुझ्याशिवाय कुणालाच नव्हता. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर होता, बेरीज तेवढी चुकली. त्यात तुझं जेवण सुटलेलं. रिकाम्या पोटी यकृताची ताकद आधीच निम्मी. ही रिकामी वेष्टनं मी मोजली. रोजच्या दोन गोळ्या, तीन महिने, एकही दिवस चुकलेला नाही. डोकं दुखण्याला एवढी शिस्त नसते, लेखणी. शिस्त फोनला असते. साडेसहाचा फोन."

नणंद पलंगाजवळ सरकली. "दादाचा?"

लेखणी बोलायला लागली तेव्हा आवाज अगदी बारीक होता, तिच्या अक्षरांसारखा.

"आधी ते आठवड्यातून एकदा फोन करायचे. कशी आहेस, बरी आहे, ठेवतो. दोन वर्षांत बोलायचं सगळं संपत आलं होतं, वन्सं. मग एकदा मी म्हटलं, डोकं फार दुखतंय. तर घाबरलेच. कुणाबरोबर तरी गोळ्या पाठवल्या. त्या पोचल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या पाच मिनिटांत फोन: गोळी घेतलीस का? तिसऱ्या दिवशीही. तेव्हापासून रोज. म्हणतात, माझ्यासमोर घे. पाण्याचा घोट ऐकू आला की त्यांना बरं वाटतं, मग ठेवतात. घरी तुम्हाला दिसतील म्हणून पाकिटं कारखान्यातल्या गोलात ठेवायची आणि निघताना दोन, शनिवारी चार गोळ्या काढून न्यायची."

"आणि डोकं दुखत नसेल त्या दिवशी?"

"तरी घ्यायची. त्यांच्याशी खोटं कसं बोलू? नुसतं पाणी पिणं म्हणजे खोटंच की." ती रडू लागली. "वन्सं द्यायच्या ते औषध होतं. काका द्यायचे तेही औषध. या गोळ्या त्यांच्या होत्या. या मी कधी मोजल्याच नाहीत. आणि सांगितलं असतं तर तुम्ही बंद केल्या असत्या. मग फोन कशासाठी करतील ते?"

"वहिनी, वेडी आहेस तू," नणंद म्हणाली आणि तिला जवळ घेतलं.

"वन्सं, माझ्यामुळे तुमच्यावर…"

"गप्प बस. माझं गणित बरोबर होतं, एवढं पुरे."

मला आणखी एक सांगायचं होतं, आणि ते सगळ्यांत कडू होतं. "तुझं डोकं रोज का दुखायला लागलं, माहीत आहे? या गोळ्यांनीच. दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी महिन्यात दहा-बारा दिवसांहून जास्त घेत गेलं की डोक्याला तिची सवय लागते. गोळी उतरली की ते दुखतं, दुखलं की आपण गोळी घेतो. कॅफीननं झोप उडते ती वेगळीच. आता डॉक्टरीणबाई सांगतील तशा बंद करायच्या. पहिले काही दिवस जास्त दुखेल, मग कमी होत जाईल. पुढे कधी लागलीच, तर एकच पाकीट, एकाच माणसाकडून, मागचा मजकूर वाचून. आणि माझ्या दुकानातून नेताना मी दहा प्रश्न विचारणार आहे. राग आला तर येऊ दे."

मी वेष्टन घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तिन्ही घटक वाचले, दिवस लिहून घेतले आणि म्हणाल्या, "आता आकडा जुळला. वेळेत कळलं. बरी होईल."

परत येते तोच फोन वाजला. आम्ही दोघी बाहेर जायला निघालो, पण लेखणीनं नणंदेचा पदर धरून ठेवला. खोली लहान होती, पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मागे यंत्रांची घरघर, वारा, आणि घाईत बोलणारा एक माणूस.

"घेतलीस का गोळी?"

"नाही."

"दुखत नाहीये?"

"दुखतंय. पण घ्यायची नाही आता. मी इस्पितळात आहे, घाबरू नका, बरी होणार आहे. वन्सं आहेत जवळ. सगळं नंतर सांगते." तिनं श्वास घेतला. "आज गोळी सोडून दुसरं काहीतरी विचारा ना."

पलीकडे नुसता वारा. मला वाटलं, फोन तुटला. माणूस इतके दिवस एकच प्रश्न विचारत राहिला की दुसरा कुठून आणणार? बंदरातला भोंगा वाजला. त्याच्या सुट्टीची पाच मिनिटं संपली होती. लेखणीचे डोळे माझ्याकडे वळले. त्यांत इतकी भीती होती की मला फोन हिसकावून त्या बाप्याला चार शब्द सुनवावेसे वाटले.

"आज," तो अडखळत म्हणाला, "आज कुठला समुद्र लिहिलास?"

तिनं फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "तुमच्याकडचा. अर्धाच झाला."

"किती अक्षरं राहिली?"

"तीन. अहो, भोंगा वाजतोय तुमचा."

"वाजू दे," तो म्हणाला. "तू सांग. पहिलं कुठलं?"